कलेचा इतिहास आणि किल्ल्यांचा जुडगा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'कलाक्षेत्रातील करिअर'. नववी-दहावीची मुलंही बसणार आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल असं बोला, अशी सूचना होती. मी आयुष्यभर कलेचा इतिहास शिकवला. हा विषय सांगितला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे तुम्ही चित्रं काढता?" आणि 'नाही' म्हटलं की दुसरा, "मग नेमकं करता काय?" लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. उत्तर ऐकून त्यांनी बोलणं शांतपणे पाऊसपाण्याकडे वळवलं.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी आज एका बाईंबद्दल बोलणार आहे. त्या अमेरिकेतल्या. नाव मेरी श्मिट कॅम्पबेल. शिक्षणाने कलेच्या इतिहासकार, आणि १९७७ ते २०२२ ही जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी काढली संस्था चालवण्यात. आधी न्यूयॉर्कमधलं एक म्युझियम, मग त्या शहराचं सांस्कृतिक खातं, मग कलाशिक्षणाचं मोठं महाविद्यालय आणि शेवटी मुलींचं एक जुनं कॉलेज. मी त्यांना भेटलेलो नाही. त्यांचं लिखाण वाचलं आहे आणि त्यांच्या कामाकडे बरीच वर्षं लांबून बघत आलो आहे.

त्यांनाच का निवडलं, ते सांगतो. आपल्याकडे अभ्यास करणारे आणि कारभार करणारे अशा दोन जातीच मानल्या जातात. अभ्यास करणाऱ्याने हिशेबाच्या वहीला हात लावायचा नाही, आणि कारभार करणाऱ्याने पुस्तकाला. शाळा-कॉलेजांच्या समित्यांवर त्यामुळे कोण बसतं, हे आपण सगळेच जाणतो. कॅम्पबेलबाईंनी ही वाटणी मानली नाही. त्याची किंमतही मोजली. ती किंमतसुद्धा मी सांगणार आहे, कारण करिअर मार्गदर्शनात ती बाजू सहसा गाळतात.

बाईंचा जन्म १९४७चा, फिलाडेल्फियाचा. शिकल्या मुलींच्या सरकारी हायस्कुलात, पुढे स्वार्थमोर कॉलेजात. तिथे विषय इंग्रजी साहित्य. १९६९ साली पदवी घेतली आणि नवऱ्याबरोबर झांबियात शिकवायला गेल्या. नवरा, जॉर्ज कॅम्पबेल, भौतिकशास्त्राचा. झांबिया स्वतंत्र होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, नव्या देशाला शिक्षक हवे होते. दोन वर्षांनी परत आल्यावर बाईंनी सिरॅक्यूज विद्यापीठात कलेच्या इतिहासात एम.ए. केलं. पीएच.डी.ही तिथेच, पण ती १९८२ साली, म्हणजे म्युझियमचा गाडा ओढता ओढता. अकरावीला कुठली शाखा घेतली यावर सगळं ठरतं, असं ज्या मुलांना घरी सांगतात, त्यांनी हे साल-वार घरी जाऊन जरूर सांगावं.

आता त्या काळातली परिस्थिती थोडी सांगायला हवी. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. १९२०च्या दशकात तिथे साहित्य, संगीत, चित्रकला यांना असा बहर आला होता की त्याला 'हार्लेम रेनेसाँ' असं नावच पडलं. जानेवारी १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने या हार्लेमवर भव्य प्रदर्शन भरवलं, 'हार्लेम ऑन माय माइंड'. त्यात छायाचित्रं होती, ध्वनिमुद्रणं होती, मोठमोठे फलक होते. नव्हतं काय, तर हार्लेमच्या चित्रकारांचं एकही चित्र आणि शिल्पकारांचं एकही शिल्प. चित्रकार मंडळी हयात होती, त्याच शहरात राहत होती. त्यांनी म्युझियमच्या दारात निदर्शनं केली. एका समाजाबद्दल सगळं दाखवायचं आणि त्या समाजाने स्वतःला कसं बघितलं तेवढं वगळायचं, हा तो प्रकार होता.

अशा वेळी एका तरुण संशोधिकेने अभ्यासाला घेतलेला चित्रकार म्हणजे रोमेअर बेअर्डन. बेअर्डन १९११चे, उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये जन्मलेले, हार्लेममध्ये वाढलेले. पोटासाठी न्यूयॉर्कच्या समाजकल्याण खात्यात नोकरी, ती साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत. चित्रं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. १९६४च्या सुमाराला त्यांना त्यांचा मार्ग सापडला, तो म्हणजे कोलाज. मासिकांतली कापलेली चित्रं, रंगीत कागद, छायाचित्रांचे तुकडे जोडून त्यांनी दक्षिणेकडची खेडी, आगगाड्या, स्वयंपाकघरं, न्हाणाऱ्या बायका, हार्लेमचे जिने उभे केले. कोलाज म्हणजे काय हे ज्यांना पटकन डोळ्यांसमोर येत नसेल, त्यांनी आजीची गोधडी आठवावी. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुठला कुणाच्या सदऱ्याचा, हे घरातल्यांना ओळखू येतं आणि तरी गोधडी एकच असते. बेअर्डन यांच्या १९७०च्या एका प्रसिद्ध कोलाजचं नावच 'पॅचवर्क क्विल्ट' आहे, म्हणजे आपली ठिगळांची गोधडीच.

कॅम्पबेलबाईंनी १९७५मध्ये सिरॅक्यूजच्या एव्हरसन म्युझियममध्ये बेअर्डन यांच्या चित्रांतल्या स्त्रिया या विषयावर प्रदर्शन भरवलं. त्यांचा प्रबंधही बेअर्डन यांच्यावरच. हा धागा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९७७ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, बाई हार्लेममधल्या स्टुडिओ म्युझियमच्या प्रमुख झाल्या. म्युझियम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घुमट आणि संगमरवरी पायऱ्या येतात. हे म्युझियम १९६८ साली सुरू झालं होतं ते फिफ्थ अॅव्हेन्यूवर, दारूच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या जागेत. फिफ्थ अॅव्हेन्यू नावावर जाऊ नका, हे तिचं हार्लेमकडचं टोक. आणि साल बघा. १९७५मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या दारातून परतली होती. जुलै १९७७मध्ये शहरभर वीज गेली आणि रात्रभर लुटालूट झाली, जाळपोळ झाली. अशा वर्षी अशा वस्तीतल्या म्युझियमची जबाबदारी घेणं म्हणजे काय, ते ज्यांनी बुडीत पतसंस्थेचं अध्यक्षपद घेतलं असेल त्यांना कळेल.

इथे इतिहासकार काय करतो? पहिलं काम छप्पर. १९७९मध्ये न्यूयॉर्क बँक फॉर सेव्हिंग्ज या बँकेने १२५व्या रस्त्यावरची इमारत म्युझियमला दिली. जे. मॅक्स बाँड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने तिचं रूप बदललं आणि १९८२मध्ये म्युझियम तिथे हललं. आता तुम्ही म्हणाल, इमारत मिळवणं हे तर कुठलाही चलाख व्यवस्थापक करील. पण इमारतीचा आणि अभ्यासाचा संबंध फार जवळचा आहे. दुसऱ्या म्युझियमकडून एखादं चित्र उसनं आणायचं असेल तर ते आधी विचारतात, तुमच्याकडे हवेतली आर्द्रता स्थिर राहते का, रात्रीचा पहारेकरी आहे का, आग विझवायची सोय काय, चित्र आलं-गेलं त्याची नोंद कोण ठेवतं? ही उत्तरं नसतील तर कितीही मोठा विद्वान असला तरी त्याच्या भिंतीवर ते चित्र येत नाही. मग त्याला पुस्तकातल्या छापील चित्रांवरून इतिहास लिहावा लागतो. आमच्या वर्गात वर्षानुवर्षं तेच चालायचं. पुसट स्लाइड पडद्यावर, आणि मी म्हणायचो, "इथे लाल रंग आहे असं समजा."

बाईंनी हे सगळं उभं केलं. कृष्णवर्णीय कलेला वाहिलेल्या म्युझियमपैकी रीतसर मान्यता मिळवणारं अमेरिकेतलं पहिलं म्युझियम, असा या संस्थेचा लौकिक त्यांच्या कारकिर्दीत झाला. मान्यता म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नव्हे. बाहेरची माणसं येऊन तुमच्या वह्या, तुमची गोदामं, तुमचे नियम तपासतात.

आणि मग त्या भिंतींवर काय लावलं? १९८५मध्ये 'ट्रॅडिशन अँड कॉन्फ्लिक्ट', १९६३ ते १९७३ या खळबळीच्या दशकातली चित्रं. पुढे हार्लेम रेनेसाँच्या कलेवरचं प्रदर्शन आणि त्याचं पुस्तक. जे मेट्रोपॉलिटनने १९६९मध्ये केलं नव्हतं, ते इथे झालं. शिवाय या म्युझियमची एक योजना सुरुवातीपासून होती आणि ती बाईंनी जपली. दर वर्षी काही तरुण कलावंतांना तिथेच काम करायला जागा आणि थोडं मानधन द्यायचं. म्युझियमच्या नावात 'स्टुडिओ' आहे तो याचसाठी. बाईंच्या काळात तिथे राबून गेलेल्यांत डेव्हिड हॅमन्स आणि केरी जेम्स मार्शल आहेत. आज ही दोन्ही नावं जगभरच्या म्युझियममध्ये दिसतात. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

सगळं गोडच होतं असंही नाही. जेम्स व्हॅन डर झी नावाचे छायाचित्रकार होते. हार्लेमची लग्नं, अंत्ययात्रा, शाळा, मिरवणुका त्यांनी अर्धं शतक टिपल्या. त्यांच्या हजारो छायाचित्रांच्या आणि निगेटिव्हच्या मालकीवरून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि हेच म्युझियम यांच्यात कोर्टकज्जा झाला. मिटला तोवर म्हातारबाबा हयात नव्हते. ज्याचं काम जपायचं त्याच्याशीच भांडण, हे जतनाच्या क्षेत्रात वरचेवर होतं. कागद वेळेवर लिहून घेतले नाहीत की होतं. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण थोड्या वेळाने मी तुमच्याकडून काही कागद मागणार आहे.

१९८७मध्ये महापौर एड कॉच यांनी बाईंना शहराच्या सांस्कृतिक खात्याच्या आयुक्त नेमलं. पुढचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या वेळीही त्या राहिल्या. ही चार वर्षं मी भरभर ओलांडतो. महापालिकेचं खातं म्हणजे अंदाजपत्रक, कपात आणि शिष्टमंडळं. ते जगात सगळीकडे सारखंच.

१९९१ ते २०१४, तेवीस वर्षं, त्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूल ऑफ द आर्ट्सच्या डीन होत्या. नाटक, सिनेमा, नृत्य, छायाचित्रण शिकवणारं हे महाविद्यालय. तिथे त्यांनी कला आणि सार्वजनिक धोरण या विषयाचा विभाग सुरू केला. कलावंताला आपल्या कामाचा समाजावर, कायद्यावर, पैशावर काय परिणाम होतो हे कळलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. त्याच काळात सिंगापूरला शाखा उघडली, २००७मध्ये. तिचा खर्च भागेना. काही वर्षांत ती बंद करायची पाळी आली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांचा रोष झाला तो झालाच. मोठ्या माणसांच्या सत्कारात अशा गोष्टी कुणी काढत नाही. पण मुलांनो, तेवीस वर्षांच्या कामात एखादी सिंगापूर असणारच. तिच्याआधी सोळा आणि तिच्यानंतर काही वर्षं त्यांनी तीच खुर्ची सांभाळली, हेही बघा.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यापुढच्या टप्प्याबद्दल. २०१५मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे निवृत्त होऊनही बराच काळ लोटल्यावर, त्या अटलांटामधल्या स्पेलमन कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज. त्याची सुरुवात १८८१ची. अटलांटातल्या एका चर्चच्या तळघरात, अकरा विद्यार्थिनी. गुलामगिरी कायद्याने संपून सोळा वर्षं झाली होती. त्या अकरा जणींत बहुतेक बायका स्वतः गुलामीत जन्मलेल्या होत्या आणि त्यांना अक्षरं शिकायची होती.

हे वाचताना मला आपला पुण्याचा भिडेवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू केली. आणि ही नुसती माझ्या मनातली तुलना नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. अटलांटाच्या तळघरातला वर्ग त्यानंतर आठ वर्षांनी भरला. पुण्यातला एक माणूस त्या बायकांच्या मुक्तीची बातमी वाचून आपल्या माणसांसाठी त्यातून काही घेत होता. त्यामुळे स्पेलमनची गोष्ट मी या सभागृहात परकी म्हणून सांगत नाही.

कॉलेजचं स्वतःचं म्युझियम आहे, १९९६पासूनचं. आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांनी केलेली आणि त्यांच्याबद्दलची कला, हा त्याचा ठरवून घेतलेला विषय. बाई तिथे आल्या त्याच वर्षी मेलन फाउंडेशनने अमेरिकेतल्या म्युझियममधल्या नोकरदारांची पाहणी प्रसिद्ध केली होती. क्युरेटर, जतनतज्ज्ञ, शिक्षणाधिकारी आणि प्रमुख या जागांवर ८४ टक्के गोरे, कृष्णवर्णीय ४ टक्के. पहारेकरी, देखभाल या कामांत मात्र चित्र वेगळं. म्हणजे म्युझियमच्या किल्ल्या रात्री ज्यांच्या हातात, ते भिंतीवर काय लागणार हे ठरवणाऱ्यांत नाहीत.

बाईंना स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं की हे निषेधाच्या पत्रकाने बदलत नाही. माणसं तयार करावी लागतात, आणि ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हेरावी लागतात. २०१८मध्ये स्पेलमनने शेजारच्या मोरहाउस आणि क्लार्क अटलांटा या संस्थांना बरोबर घेऊन कलेचा इतिहास आणि क्युरेटरचं काम शिकवणारा अभ्यासक्रम आखला. त्याला वॉल्टन फॅमिली फाउंडेशनचे ५४ लाख डॉलर मिळाले. ज्या वर्गांतून पूर्वी डॉक्टर, वकील आणि शिक्षिकाच व्हायच्या, तिथे आता एखादी मुलगी घरी सांगते की मी म्युझियममध्ये काम करणार. तिच्या सासऱ्यांची प्रतिक्रिया काय होईल, हे मी सांगू शकतो.

पैसा त्यांनी भरपूर आणला. २०२०मध्ये नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या पत्नी पॅटी क्विलिन यांनी एकट्या स्पेलमनला ४ कोटी डॉलर दिले, ते शिष्यवृत्त्यांसाठी. त्याआधी २०१८मध्ये एका नव्या इमारतीसाठी ३ कोटी डॉलर आले होते. कला आणि नवी तंत्रं एका छपराखाली शिकवणारी ही इमारत. तिला पुढे बाईंचंच नाव दिलं. या इमारतीची मला आवडलेली गोष्ट तिच्या जागेत आहे. स्पेलमनला कुंपण आहे, फाटक आहे, सगळं कॉलेज त्या फाटकाच्या आत. ही पहिली इमारत फाटकाच्या बाहेर बांधली, शेजारच्या वस्तीतल्या माणसांना सहज येता यावं म्हणून.

जाता जाता एक योगायोग. हेल वुड्रफ नावाचे चित्रकार १९३१मध्ये अटलांटाला शिकवायला आले. दक्षिणेतल्या म्युझियममध्ये कृष्णवर्णीय कलावंतांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी १९४२पासून अटलांटा विद्यापीठातच दर वर्षी प्रदर्शन सुरू केलं. पुढे ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवायला गेले आणि तिथे १९६३मध्ये बेअर्डन यांच्याबरोबर 'स्पायरल' नावाचा गट काढला. वुड्रफ अटलांटाहून न्यूयॉर्क विद्यापीठात गेले, कॅम्पबेलबाई न्यूयॉर्क विद्यापीठातून अटलांटाला आल्या. जिथे एकाने वार्षिक प्रदर्शनाची खुंटी ठोकली होती, तिथेच सत्तर-ऐंशी वर्षांनी दुसरीने अभ्यासक्रम टांगला.

आता किंमत. बेअर्डन यांच्यावरचा अभ्यास सुरू झाला सत्तरच्या दशकाच्या आरंभी. प्रबंध १९८२चा. बेअर्डन १९८८मध्ये वारले. बाईंचं त्यांच्यावरचं मोठं पुस्तक, 'अॅन अमेरिकन ओडिसी', आलं २०१८मध्ये. चित्रकाराच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने ते पाहिलं नाही. मधल्या वर्षांत दुसऱ्यांनी बेअर्डन यांच्यावर पुस्तकं लिहिली, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत २००३मध्ये मोठं प्रदर्शन झालं. एका अभ्यासकाला हे किती लागत असेल, हे मी समजू शकतो. मीही काही वर्षं विभागप्रमुख होतो. परीक्षेच्या बैठका, मान्यतेच्या समितीचे दौरे आणि गळक्या छताची पत्रं यांत कुठल्या वहीत काय टिपून ठेवलं होतं, तेही सापडेनासं होतं.

पण उलट बाजूही बघितली पाहिजे. त्या खुर्चीत विषय न कळणारा कुणी बसला असता तर? बँकेची इमारत कदाचित मिळालीही असती. पण हॅमन्स नावाच्या विचित्र वाटणाऱ्या माणसाला कामाला जागा दिली असती का? आणि आता ऐका: १२५व्या रस्त्यावरची ती इमारत आज उभी नाही. ती पाडली. त्याच जागी नवी बांधली, ती नोव्हेंबर २०२५मध्ये उघडली. म्हणजे बाईंनी मिळवलेल्या विटा गेल्या. संग्रह राहिला, नोंदवह्या राहिल्या, कलावंतांना जागा देण्याची रीत राहिली. १९८७मध्ये थेल्मा गोल्डन नावाची मुलगी नुकतीच पदवी घेऊन तिथे कामाला लागली होती. २००५पासून म्युझियमची प्रमुख तीच आहे, आणि नवी इमारत तिने उभी केली.

आता आपल्या शाळेकडे येतो. अध्यक्षसाहेब, मी वेळ थोडा जास्त घेतो आहे, सांभाळून घ्या.

आपल्या समितीपुढे अमृतमहोत्सवी कमानीचा प्रस्ताव आहे. पत्रिकेवर तिचं रंगीत चित्रही छापलं आहे, देखणं आहे. मी कमानीच्या विरुद्ध नाही. पण चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही आणि त्यांचा वर्ग मोडक्या बाकांची खोली झाला आहे. त्या खोलीत दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. सर दर वर्षी एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीतली चांगली चित्रं काढून घ्यायचे, मागे शिसपेन्सिलीने नाव, इयत्ता आणि साल लिहायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. आम्हाला वाटायचं, सर चित्रं परत देत नाहीत. मी गेल्या दिवाळीत मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक ट्रंक उघडली. वरचा थर कसरीने खाल्लेला, खालचा बराचसा शाबूत.

त्यात एक स्मरणचित्र आहे, आठवीतल्या मुलीचं, १९७३चं. दुष्काळी काम. खडी फोडणाऱ्या बायका, पायांना चिंध्या बांधलेल्या. छत्री धरून हजेरीपट घेऊन बसलेला मुकादम. कोपऱ्यात सुकडीचं पोतं आणि पोत्याजवळ रांगेत उभी असलेली लहान पोरं. बायकांचे चेहरे तिने काढले नाहीत, पदर पुढे ओढलेले. मुकादमाचा चेहरा मात्र नीट काढला आहे, मिशांसकट. बहात्तरच्या दुष्काळावर आकडेवारीची पुस्तकं पुष्कळ आहेत. त्या कामावर आईबरोबर गेलेल्या मुलीने ते कसं पाहिलं, हे सांगणारा कागद माझ्या माहितीत एवढाच. ती मुलगी आज या सभागृहात बसली आहे. तिने ते चित्र पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही. तिची हरकत नसेल तरच मी तिचं नाव सांगेन, आणि तिने परवानगीच्या कागदावर सही केली तरच ते चित्र भिंतीवर लागेल. व्हॅन डर झी यांची गोष्ट मी त्यासाठी सांगितली.

माझं मागणं मोठं नाही. कमानीच्या निधीतून त्या खोलीचं छत, दोन कपाटं, आम्लरहित कागद आणि पुढची काही वर्षं आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या चित्रकला शिक्षकाचं मानधन एवढं बाजूला काढावं, असा ठराव मी आणि माझ्या तुकडीतल्या सात जणांनी सह्या करून समितीकडे दिला आहे. शिवाय शाळा समितीत माजी विद्यार्थ्यांची एक जागा तीन वर्षं रिकामी आहे. तुमच्यात बँकेतले आहेत, वकील आहेत, ग्रंथपाल आहेत, दोन इंजिनिअर तर पहिल्याच रांगेत आहेत. वेळ नाही, हे कारण मला सांगू नका, मी आत्ताच एका बाईंची पंचेचाळीस वर्षं तुम्हाला सांगितली.

उद्या सकाळी नऊ वाजता दुसरी ट्रंक उघडणार आहोत. आठ-दहा जण पुरेत. येताना तोंडाला बांधायला रुमाल, जुनं धुतलेलं सुती कापड आणि शिसपेन्सिल आणा. पेन नको. चिकटपट्टी तर मुळीच आणू नका, तिने कागद पिवळा पडतो आणि मग सुटत नाही. प्रत्येक चित्राचा आधी मोबाइलवर फोटो, मग वहीत नंबर, नाव, साल, आणि मगच ते ट्रंकेबाहेर. वहीत कुणाचं अक्षर चांगलं येतं, ते आपल्या मराठीच्या बाईंनाच विचारतो, त्यांना अजून सगळ्यांची अक्षरं आठवतात.